न दिसणाऱ्या द्रव्याचा शोध : कोलारच्या खाणीपासून दक्षिण ध्रुवाच्या बर्फापर्यंत

आपल्या शाळेच्या एका विज्ञान प्रदर्शनात नववीतील विद्यार्थिनीने विश्वातील घटकांचा तक्ता मांडला होता. तारे, ग्रह, समुद्र, झाडे, माणसे अशा आपल्या ओळखीच्या सर्व द्रव्याचा वाटा सुमारे ५ टक्के, ‘कृष्णद्रव्य’ सुमारे २७ टक्के आणि उरलेली ‘कृष्णऊर्जा’ सुमारे ६८ टक्के. तक्त्यासमोर एक पालक बराच वेळ उभे होते. अखेर ते आमच्याकडे वळून म्हणाले, “सर, तुमची शाळा पोरांना शिकवते की भूत, भानामती, अंगात येणं हे सगळं थोतांड. कुणी पाहिलं नाही म्हणून थोतांड. मग हे काळं द्रव्य तरी कुणी पाहिलंय? ते खोटं आणि हे खरं, असं कसं?”

मुलीला उत्तर सुचले नाही आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हालाही सुचले नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक. भौतिकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु प्रश्न केवळ भौतिकशास्त्राचा नव्हता. विवेकाच्या पायावर उभ्या असलेल्या आपल्या शाळेच्या मुळाशीच तो प्रश्न जात होता. म्हणून त्यानंतर जे वाचले, समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यासमोर मांडत आहोत.

प्रत्यक्ष आणि अनुमान

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. बौद्ध तर्कशास्त्राचे आचार्य दिङ्नाग आणि त्यांच्यानंतर सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांनी ज्ञानाची दोनच प्रमाणे मानली : प्रत्यक्ष आणि अनुमान. एखादी गोष्ट थोर पुरुषाने सांगितली किंवा ग्रंथात लिहिली आहे, एवढ्यावरून ती स्वतंत्र प्रमाण ठरत नाही. मात्र डोळ्यांना दिसते तेवढेच सत्य, असेही त्यांनी म्हटले नाही. डोंगरावर धूर दिसला तर अग्नी न पाहताही तो आहे असे आपण म्हणतो, कारण धूर आणि अग्नी यांचा नियत संबंध आपण तपासलेला असतो. इतिहासाचा अभ्यासकही हेच करतो. सम्राट अशोकाला आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही. शिलालेखांवरून, स्तंभांवरून आपण त्याच्यापर्यंत पोहोचतो.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. आधुनिक विज्ञानातील अमुक शोध आमच्या पूर्वजांना आधीच ठाऊक होता, असे म्हणण्याची आज फार हौस दिसते. धर्मकीर्तींना कृष्णद्रव्य ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असण्याची गरजही नाही. त्यांनी दिली ती विचार तपासण्याची रीत. लेखाच्या शेवटी आपल्याला तिचा पुन्हा उपयोग होणार आहे.

धूर कोठे दिसला ?

कृष्णद्रव्याचा ‘धूर’ प्रथम १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाच्या नजरेस आला. ‘कोमा’ नावाच्या दीर्घिकासमूहाचे ते निरीक्षण करीत होते. समूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या की, दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्यांना एकत्र बांधून ठेवणे अशक्य होते. गोफण गरगरा फिरवताना दोरी कच्ची असेल तर दगड केव्हाच निसटून जातो. येथे दगड सुटत नव्हते. याचा अर्थ न दिसणारी बळकट दोरी कोठेतरी होती.

पुढे चार दशके या निरीक्षणाची फारशी दखल घेतली गेली नाही. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतील वायुमेघांचे वेग मोजले. सूर्यापासून दूर असलेला ग्रह मंद गतीने फिरतो, तसे दीर्घिकेच्या कडेचे तारे व वायू मंद फिरायला हवे होते. परंतु कडेलाही वेग जवळजवळ कायम होता. अशीच स्थिती पुढे एकामागून एक दीर्घिकांत आढळली. प्रत्येक दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या द्रव्याचा विशाल गोळा असला पाहिजे, या निष्कर्षाकडे शास्त्रज्ञ वळले.

व्हेरा रुबिन यांच्याविषयी दोन शब्द आपल्या मुलींसाठी सांगितले पाहिजेत. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या खगोलशास्त्र विभागात त्या काळी पदव्युत्तर शिक्षणासाठी स्त्रियांना प्रवेशच नव्हता, म्हणून त्यांना अन्यत्र शिकावे लागले. पालोमारच्या वेधशाळेत अधिकृत परवानगीने निरीक्षण करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. २०१६ साली त्यांचे निधन झाले. आज चिलीमधील एका भव्य वेधशाळेला त्यांचे नाव आहे. ज्ञानाच्या दारावर ‘तुम्हाला प्रवेश नाही’ ही पाटी कोणाकोणासाठी लावली गेली, हे ज्यांनी भोगले त्यांना ही कथा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

परंतु अनुमान चुकूही शकते, आणि इतिहास येथे दोन्ही बाजूंचे दाखले देतो. युरेनस ग्रहाच्या गतीतील फरकावरून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने न दिसणाऱ्या ग्रहाचे स्थान वर्तविले आणि १८४६ साली नेपच्यून त्या स्थानाजवळच सापडला. त्याच ल व्हेरिए यांनी १८५९ साली बुधाच्या गतीतील फरकावरून आणखी एका ग्रहाचे अनुमान केले. त्याला ‘व्हल्कन’ हे नावही देण्यात आले. पण तो सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाच्या गतीचा उलगडा १९१५ साली आइन्स्टाईन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या नव्या सिद्धान्ताने झाला. रीत तीच, माणूस तोच. एकदा न दिसणारी वस्तू खरी निघाली, तर दुसऱ्यांदा जुना नियमच अपुरा ठरला.

म्हणून आजही काही शास्त्रज्ञ म्हणतात की, कृष्णद्रव्य मानण्याऐवजी गुरुत्वाकर्षणाचा नियम दुरुस्त करावा. हा विचार कोणी पाखंड म्हणून दडपत नाही. मात्र दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकण्याचे प्रमाण, विश्वाच्या बालपणातील प्रारणाचे नकाशे आणि एकमेकांवर आदळलेल्या दीर्घिकासमूहांची निरीक्षणे या सर्वांचा एकत्रित उलगडा कृष्णद्रव्याने अधिक चांगला होतो. त्यामुळे बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कल तिकडे आहे. धूर अनेक डोंगरांवर दिसतो आहे. अग्नी मात्र अद्याप हाती लागलेला नाही.

न्यूट्रिनो : आणखी एक न दिसणारा कण

न दिसणारा कण मानणे आणि पुढे तो पकडणे, हे विज्ञानाने याआधी एकदा केलेले आहे. काही किरणोत्सारी अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता. वहीत जमा-खर्च लागत नसेल तर एक तर पैसे गेले, नाही तर नोंद राहिली. १९३० साली वुल्फगांग पाउली यांनी सुचविले की नोंद राहिली आहे : विद्युतभार नसलेला एक अतिशय हलका कण उरलेली ऊर्जा घेऊन निघून जात असावा. पुढे एन्रिको फर्मी यांनी त्याला ‘न्यूट्रिनो’ हे नाव रूढ केले. असा कण कधी सापडेल याविषयी स्वतः पाउलीच साशंक होते. तरीही २६ वर्षांनी, १९५६ साली, फ्रेडरिक राइन्स आणि क्लाइड कोवन यांनी अणुभट्टीजवळ त्याचा पुरावा मिळविला.

न्यूट्रिनो किती अलिप्त असतो याची कल्पना एका आकड्यावरून येईल. सूर्यापासून निघालेले सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला आरपार जातात. हे वाक्य वाचताना गेले, रात्री आपण झोपलो तरी पृथ्वी भेदून खालून वर जातील. आपल्या शरीरातील एकाही अणूला सहसा त्यांचा धक्का लागत नाही. म्हणूनच त्यांना पकडायला प्रचंड आकाराचे यंत्र आणि त्याहून मोठी चिकाटी लागते.

शिवाय ते यंत्र जमिनीखाली खोल असावे लागते. अवकाशातील किरणांमुळे वातावरणात ‘म्युऑन’ नावाचे कण निर्माण होतात. तळहातावर दर सेकंदाला एक-दोन तरी पडत असतात. भर बाजारात कुजबूज ऐकू येत नाही, तसे या गलक्यात न्यूट्रिनोचा क्षीण संकेत हरवून जातो. खडकाचा जाड थर म्युऑनना अडवतो, न्यूट्रिनोला अडवत नाही. म्हणून या विज्ञानाची प्रयोगशाळा खाणीत गेली आणि अनेकदा ती सोन्याच्या खाणीत गेली.

कोलारचा बोगदा

कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण जगातील सर्वाधिक खोल खाणींपैकी एक होती. तिची खोली ३ किलोमीटरहून अधिक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेथे दीर्घकाळ प्रयोग केले. १९६५ साली या संस्थेच्या, जपानच्या ओसाका येथील आणि इंग्लंडच्या डरहॅम येथील शास्त्रज्ञांच्या संयुक्त गटाने जमिनीखाली सुमारे २.३ किलोमीटरवर यंत्रे बसवून वातावरणात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंची नोंद केली. त्याच वर्षी राइन्स यांच्या गटाने दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणीत तशीच नोंद केली. निसर्गात निर्माण झालेल्या न्यूट्रिनोंची ही जगातील पहिली नोंद. त्यासाठी वापरलेली युक्ती साधी होती. म्युऑन वरून खाली येतात. खडकातून आडवा आलेला कण दिसला तर तो आसपासच्या खडकात न्यूट्रिनोच्या धडकेतूनच निर्माण झाला असला पाहिजे.

विज्ञानाच्या पुस्तकात कोलारची कथा येथे संपते. इतिहासाच्या शिक्षकाने ती येथे संपवू नये. २.३ किलोमीटर खोलीचा हा बोगदा शास्त्रज्ञांनी खोदला नव्हता. १८८० च्या दशकापासून इंग्रज कंपनीच्या अमलाखाली तो खोदणारे मजूर बहुसंख्येने तमिळ भाषक होते आणि त्यांच्यात अस्पृश्य मानलेल्या समाजाचा भरणा मोठा होता. तापलेला खडक, अवचित फुटणाऱ्या कडा, फुप्फुसांत साचणारी धूळ आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हे त्यांच्या रोजच्या जगण्याचे भाग होते.

आणि हाच समाज बौद्ध विचाराच्या पुनरुज्जीवनात अग्रेसर होता. पंडित अयोथीदास यांनी १८९८ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी, मद्रासमध्ये शाक्य बौद्ध सोसायटी स्थापन केली. तिची एक महत्त्वाची शाखा कोलारच्या खाण वस्तीत, मारीकुप्पम येथे होती. दिवसा जमिनीखाली राबणाऱ्या त्या माणसांनी वस्तीत बुद्धविचार जपला, जातीच्या उतरंडीला नकार दिला आणि शिक्षणाची आस धरली. आपल्या वसतिगृहात शिकून गेलेल्या कित्येकांच्या घरची कथा याहून फार वेगळी नाही.

सोन्याच्या खाणींचा हा योगायोग इतर देशांतही दिसतो. दक्षिण आफ्रिकेतील ती खाण वर्णद्वेषी राजवटीत कृष्णवर्णीय मजुरांच्या श्रमावर चालत होती. अमेरिकेतील होमस्टेक खाण लकोटा या आदिवासी जमातीकडून बळकावलेल्या टेकड्यांत आहे. त्याच खाणीत रेमंड डेव्हिस यांनी सूर्याचे न्यूट्रिनो मोजले आणि आज तेथेच कित्येक टन द्रवरूप झेनॉन भरलेले, कृष्णद्रव्याचा थेट वेध घेणारे यंत्र आहे. विज्ञान त्यामुळे खोटे ठरत नाही. त्याचे मोलही कमी होत नाही. परंतु ज्या खांद्यांवर ते उभे राहिले, त्यांत खाण कामगाराचा खांदा होता, हे सांगायला कोणीतरी हवे. ते काम आपले आहे.

न्यूट्रिनो हेच कृष्णद्रव्य आहे काय ?

न्यूट्रिनो दिसत नाही, त्याला वस्तुमान आहे आणि विश्वात तो भरून राहिलेला आहे. मग तोच कृष्णद्रव्य का असू नये? हा प्रश्न शास्त्रज्ञांनीही गांभीर्याने तपासला. न्यूट्रिनोला वस्तुमान आहे हे जपानच्या सुपर-कामिओकांडे या यंत्राच्या १९९८ सालच्या निष्कर्षांतून आणि पुढे कॅनडातील प्रयोगातून सिद्ध झाले. त्याबद्दल ताकाआकी काजिता आणि आर्थर मॅक्डोनाल्ड यांना २०१५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हे वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी आहे. इतके हलके कण बाल-विश्वात जवळजवळ प्रकाशवेगाने धावत होते. दीर्घिका घडण्यासाठी द्रव्य एका जागी जमावे लागते, ते त्यांनी उधळून लावले असते. म्हणजे ओळखीचा न्यूट्रिनो कृष्णद्रव्याचा फार तर किरकोळ हिस्सा असू शकतो. मुख्य घटक दुसरा कोणीतरी, बहुधा जड आणि मंद असा कण असावा.

तो सर्वत्र विरळ पसरलेला आहे. सूर्यमालेच्या परिसरातील त्याची घनता अशी की, सबंध पृथ्वीच्या आकारमानात एका वेळी असणारे कृष्णद्रव्य अवघे अर्धा किलोच्या आसपास भरावे. मग एवढेसे द्रव्य शोधावे कसे?

सूर्य नावाचा सापळा

येथे न्यूट्रिनोची यंत्रे कामी येतात. १९८० च्या दशकाच्या मध्यास काही शास्त्रज्ञांनी एक विचार मांडला. सूर्य आपल्या दीर्घिकेभोवती सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने फिरतो. म्हणजे तो कृष्णद्रव्याच्या विरळ धुक्यातून वाट काढीत असतो. त्या धुक्यातील एखादा कण कधीतरी सूर्यातील अणूवर आदळेल, त्याचा वेग घटेल आणि तो सूर्याच्या गुरुत्वाकर्षणात अडकेल. पुन्हापुन्हा आदळत तो केंद्राकडे बुडेल. साडेचारशे कोटी वर्षांत असे असंख्य कण केंद्राशी साचले असतील. हे कण समोरासमोर आले की परस्परांना नष्ट करीत असतील, असे अनेक सिद्धान्त सांगतात. त्या नाशातून जे काही निर्माण होईल, त्यातील बाकी सर्व सूर्याच्या पोटात शोषले जाईल. बाहेर निसटेल तो फक्त न्यूट्रिनो.

सूर्य स्वतःही न्यूट्रिनो सोडतो. मग फरक कसा ओळखायचा? ऊर्जेवरून. सूर्याच्या अणुसंमीलनातून येणाऱ्या न्यूट्रिनोंची ऊर्जा ठराविक मर्यादेपलीकडे जात नाही. कृष्णद्रव्याच्या नाशातून येणाऱ्या न्यूट्रिनोंची ऊर्जा तिच्या शेकडो-हजारो पट असू शकते. खेड्यातील घरातून रोज पणतीचा उजेड येतो; एके रात्री त्याच खिडकीतून सर्चलाइटचा झोत आला, तर आत काहीतरी वेगळे आहे हे सांगायला साक्षीदार लागत नाही. सूर्याच्या दिशेने प्रचंड ऊर्जेचे न्यूट्रिनो अपेक्षेहून अधिक आले, तर तो कृष्णद्रव्याचा फार बळकट पुरावा ठरेल.

हा झोत पाहण्यासाठी उभारलेल्या यंत्रांपैकी सर्वांत विलक्षण यंत्र दक्षिण ध्रुवावर आहे. त्याचे नाव आइसक्यूब. बर्फात गरम पाण्याच्या झोताने ८६ खोल विवरे पाडून त्यांत दोऱ्यांवर मण्यांसारखे ५,१६० प्रकाशसंवेदक सोडलेले आहेत. ते पृष्ठभागाखाली सुमारे १,४५० ते २,४५० मीटर खोलीवर असून २०१० च्या डिसेंबरात काम पूर्ण झाले. एक घन किलोमीटर नितळ बर्फ हेच तेथील यंत्र. एखादा न्यूट्रिनो बर्फातील अणूवर आदळला की विद्युतभारित कण निर्माण होतात. बर्फात प्रकाशाचा वेग कमी होतो, आणि हे कण त्या कमी झालेल्या वेगालाही मागे टाकतात. तेव्हा निळसर प्रकाश पसरतो. कोणत्या संवेदकावर तो केव्हा पडला, याच्या सूक्ष्म नोंदींवरून न्यूट्रिनोची दिशा व ऊर्जा काढता येते.

ध्रुवावर सूर्य सहा महिने क्षितिजाखाली असतो. त्या काळात सूर्याकडून येणारा न्यूट्रिनो पृथ्वी भेदून खालून वर येतो, आणि म्युऑन पृथ्वी भेदू शकत नाहीत. म्हणजे सबंध पृथ्वीच गाळणीचे काम करते. जपानमधील सुपर-कामिओकांडेत डोंगराखाली सुमारे १,००० मीटरवर ५०,००० टन पाणी आणि ११,००० हून अधिक प्रकाशसंवेदी नळ्या आहेत. ते यंत्र तुलनेने हलक्या कृष्णकणांचा शोध घेते. भूमध्य समुद्राच्या तळाशी आणि सैबेरियातील बैकल सरोवरातही अशी यंत्रे आहेत. सूर्याखेरीज आपल्या दीर्घिकेचे केंद्र आणि पृथ्वीचा गाभा यांच्या दिशेनेही शोध चालू आहे.

काहीच सापडले नाही, तेव्हा

निष्कर्ष काय? सूर्याच्या दिशेने येणाऱ्या प्रचंड ऊर्जेच्या न्यूट्रिनोंची संख्या आजवर अपेक्षेहून अधिक आढळलेली नाही. कृष्णद्रव्याचा कण सापडलेला नाही.

मग एवढा खर्च, एवढी वर्षे वाया गेली काय? येथे आचार्य धर्मकीर्तींकडे पुन्हा वळू. एखादी गोष्ट न आढळणे, ज्याला त्यांनी ‘अनुपलब्धी’ म्हटले, त्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो काय? त्यांचे उत्तर मोठे मार्मिक आहे. उजेड आहे, डोळे शाबूत आहेत, जमीन समोर आहे. घडा असता तर दिसलाच असता आणि तो दिसत नाही, तर घडा नाही हे निश्चित. परंतु स्वभावतःच दिसू न शकणाऱ्या गोष्टीविषयी नुसत्या न दिसण्यावरून अभाव ठरविता येत नाही. तेथे केवळ संशय उरतो. आणि या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून त्या परंपरेतील ग्रंथ पिशाच्चाचेच नाव घेतात!

हे वाचले तेव्हा आम्ही चपापलो. ‘कुणी पाहिले नाही म्हणून खोटे’ हे वाक्य आम्ही वर्गात किती वेळा सहज उच्चारले असेल. ते वाक्य अपुरे होते. त्या पालकांनी आमच्या शिकवण्यातील नेमकी फट दाखवली होती.

न्यूट्रिनोची यंत्रे काय करतात? ती पहिल्या प्रकारची अनुपलब्धी घडवून आणतात. कृष्णकणाचे वस्तुमान इतके असेल आणि तो प्रोटॉनशी इतक्या प्रमाणात आदळत असेल, तर वर्षाला इतके न्यूट्रिनो दिसलेच पाहिजेत, असा हिशेब आधी मांडला जातो. ते दिसत नाहीत, म्हणजे त्या प्रकारचा कण नाही. सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा, म्हणजे प्रोटॉनचा बनलेला असल्यामुळे कण आणि प्रोटॉन यांच्यातील काही विशिष्ट प्रकारच्या आंतरक्रियांवर या यंत्रांनी जगातील अत्यंत कडक मर्यादा घातल्या आहेत. शोधाचे रान मोठे आहे. पण कोणता पट्टा तपासून झाला, हे आता नकाशावर दाखविता येते. न सापडणे हीदेखील ज्ञानाची नोंद असते. अट एवढीच की शोध प्रामाणिक हवा आणि आकडे उघड हवेत.

डेव्हिस यांचे उदाहरण या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांना सूर्याचे न्यूट्रिनो अपेक्षेच्या एक तृतीयांशच सापडत होते. अनेकांना वाटले, प्रयोगच चुकला असावा. त्यांनी तीन दशके मोजणी चालू ठेवली. आकडा फुगविला नाही. अखेर कळले की, न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि त्यांच्या यंत्राला एकच प्रकार टिपता येत होता. २००२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते ८८ वर्षांचे होते.

कोलारची न सुटलेली नोंद

आता पुन्हा कोलारला जाऊ. तेथील यंत्रांत काही अशा घटना नोंदल्या गेल्या, ज्यांचा नीट उलगडा झाला नाही. दोन किंवा अधिक कणांचे मार्ग खडकातून न निघता खडक आणि यंत्र यांच्या मधल्या हवेतील एका बिंदूतून फुटल्यासारखे दिसत होते. १९७५ साली त्या प्रसिद्ध झाल्या आणि ‘कोलार घटना’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, २०१४ साली, चेन्नईचे शास्त्रज्ञ मूर्ती आणि राजशेखरन यांनी एक शक्यता मांडली : हे कृष्णद्रव्याच्या अस्थिर कणाचे विघटन तर नसेल?

आपल्या देशातील खाणीत, आपल्या माणसांनी खोदलेल्या बोगद्यात जगातील महान शोध लागला होता, असे लिहिण्याचा मोह कोणालाही होईल. आम्ही तो टाळतो, कारण त्या शास्त्रज्ञांनीही तो टाळला. त्यांनी शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवले. घटना मोजक्याच आहेत आणि अन्य प्रयोगांतून दुजोरा मिळालेला नाही. कोलारची खाण २००१ साली बंद पडली. तमिळनाडूतील थेनी जिल्ह्यात नवी न्यूट्रिनो वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने २०१५ साली मंजुरी दिली. परंतु पर्यावरणाच्या परवानग्या आणि स्थानिकांचा विरोध यांमुळे ते काम रखडले. विरोध करणाऱ्यांना अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे. विज्ञान त्यांच्या भाषेत, त्यांच्या दारात जाऊन समजावणे अवघड आहे. ते अवघड काम शिक्षकांचे आहे.

त्या पालकांना उत्तर

त्या दिवशी न देता आलेले उत्तर आता देतो. दादा, भूत आणि कृष्णद्रव्य या दोहोंतील फरक दिसण्या-न दिसण्याचा नाही. कृष्णद्रव्य मानणारा माणूस आधीच सांगतो : ‘माझे म्हणणे खरे असेल तर अमुक ठिकाणी, अमुक इतके दिसेल, न दिसल्यास माझा कण मी वहीतून खोडेन.’ आणि तो खरोखर खोडतो. अंगात आणणारा अशी अट कधी घालीत नाही. गुण आला तर देवीचा प्रताप, नाही आला तर तुमची श्रद्धा कमी. त्याचे म्हणणे कधी चुकू शकत नाही, म्हणूनच त्याला ज्ञान म्हणता येत नाही. शिवाय कृष्णद्रव्याच्या नावाने कोणी कोंबडे मागत नाही, कोणाच्या लेकीला डाकीण ठरवून गावाबाहेर काढीत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, त्यात ऐकीव गोष्ट, परंपरा किंवा अधिकारी पुरुषाचा शब्द यांना तपासणीतून सूट नाही. ही तपासणी शाळेच्या भिंतींनाही लागू आहे, शिक्षकालाही आणि विज्ञानालाही. आपले माजी विद्यार्थी आज कचेऱ्यांत, रुग्णालयांत, कारखान्यांत, शेतात आहेत. त्यांची मुले घरी असेच अडचणीचे प्रश्न विचारतील. तेव्हा ‘गप्प बस’ म्हणू नये. उत्तर ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, आपण दोघे शोधू’ असे म्हणावे. हे वाक्य आम्हाला पन्नाशी ओलांडल्यावर नीट म्हणता येऊ लागले. मुलांना ते दहाव्या वर्षी म्हणता यावे.

तो तक्ता शाळेने जपून ठेवला आहे. पुढील प्रदर्शनात तो पुन्हा लावू. त्या तीन आकड्यांखाली विद्यार्थिनीने आता स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली आहे : ‘कृष्णद्रव्याचा कण अजून सापडलेला नाही. शोध चालू आहे.’